दाखल क्रमांक ४८१३

"ठेवून जा," बिवलकर म्हणाले. "बुधवारपर्यंत वाचून संपवतो आणि काय ते कळवतो."

"ठेवता येणार नाही. सोमवारी परत करायचंय."

"कुणाला?"

"वाचनालयाला."

बिवलकरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. समोरची बाई शुद्धीवर आहे ना, याची खात्री करून घेत असावेत.

"ही कादंबरी तुम्हीच लिहिलीय ना?"

"हो."

"अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"मग यात वाचनालय कुठून आलं?"

मी पुठ्ठा उघडून पहिलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. वर जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता: ज्ञानोदय वाचनालय, सिन्नर. त्याखाली, माझ्याच अक्षरात, दाखल क्रमांक ४८१३. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर शेवटच्या ओळीत सोमवारची तारीख होती.

"पुस्तक वाचनालयाच्या मालकीचं आहे," मी म्हणाले. "मी माझ्या कार्डावर तीन दिवसांसाठी आणलंय."

बिवलकरांनी आत तोंड करून दोन कप चहा सांगितला.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि सिन्नरच्या त्या वाचनालयात अकरा वर्षं ग्रंथपाल होते. बिवलकर म्हणजे त्या वेळचे पुण्याचे मोठे प्रकाशक. त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर तळाशी एक लहानशी समई छापलेली असे. अकरा वर्षांत तसली शेकडो पुस्तकं मी कपाटात लावली होती, आणि खरं सांगायचं तर दर वेळी मनात एकच यायचं, की या समईच्या वर एकदा आपलं नाव बघायचंय. साड्या, दागिने, नवरा, यांतल्या कशाचीच मला एवढी हाव नव्हती. पुण्याला मी तेवढ्यासाठीच गेले होते.

आता, स्वतःच्या कादंबरीवर स्वतःच्याच हाताने वाचनालयाचा शिक्का मारून ठेवणारी बाई सगळ्या महाराष्ट्रात एकच निघेल. ती मी. हा पराक्रम कसा घडला, ते आधी सांगते.

कादंबरीचं नाव 'सुपातल्या'. ती मी चार वर्षं लिहीत होते. वाचनालय दुपारी एक ते चार बंद असे, त्या तीन तासांत लिहून लिहून सहा जाड वह्या भरल्या. पुरी झाल्यावर प्रश्न आला, की वाचायला द्यायची कुणाला? ओळखीच्या माणसाला दिली की तो 'छान आहे' म्हणतो आणि पुढच्या वेळी आपण दिसलो की रस्ता बदलतो. असली शाबासकी मला नको होती, म्हणून मी ती कुणालाच दिली नाही. पण सुट्या वह्यांतली एखादी गहाळ झाली तर काय घ्या! त्याच आठवड्यात नव्या खरेदीतली बावीस पुस्तकं बांधणीला जात होती. पातळ पुठ्ठ्याची पुस्तकं दाखल करण्याआधीच आम्ही पक्की बांधून घ्यायचो. त्यांच्याबरोबर माझ्या सहा वह्याही एकत्र शिवायला इस्माईलभाईंकडे पाठवून दिल्या. आठ दिवसांनी तेवीस पुस्तकं परत आली. सगळ्यांना सारखाच काळा पुठ्ठा, सारखाच लाल कापडाचा कणा.

मी दाखल नोंदवही पुढ्यात घेतली, शिक्का कोपराशी ठेवला आणि कामाला लागले. पुस्तक उघडायचं, पहिल्या पानावर शिक्का, सतराव्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का. सतरावं पान हे आमचं गुपित. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून. अकरा वर्षांची सवय, हात चालत होते आणि मी मनात रात्रीच्या भाजीचा विचार करत होते. ४८१२ झालं. ४८१३ झालं. नाव, सुपातल्या. लेखकाचं नाव वह्यांवर कुठेच नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे 'अज्ञात' लिहिलं. ४८१४ वर शिक्का मारायला हात उचलला आणि तसाच वर राहिला.

आमचे कार्यवाह नाना वाजे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोंदवही म्हणजे त्यांच्या दृष्टीने देवघर.

"नाना, ४८१३ ची नोंद खोडायचीय," मी म्हणाले.

"दाखल नोंदवहीत खाडाखोड?" नानांचा चेहरा असा झाला, की मी वाचनालयाला काडी लावायची परवानगी मागतेय. "मंदा, एकदा दाखल झालेलं पुस्तक दोनच रस्त्यांनी बाहेर जातं. वाळवी खाते, नाहीतर वाचक हरवतो. तुझ्या ४८१३ ला वाळवी लागलीय?"

"नाही."

"मग कपाटात ठेव."

ठेवलं. दुसऱ्या दिवशी नानांना एकटं गाठून खरं काय ते सांगायचं, असं ठरवलं होतं. पण त्याच संध्याकाळी भागाबाई बोडके आल्या.

भागाबाई गावातल्या विडी कारखान्यात कामाला होत्या. सातवी शिकलेल्या. दर पंधरा दिवसांनी यायच्या आणि जाडजूड पुस्तक मागायच्या. पातळ पुस्तक चार दिवसांत संपतं, परवडत नाही म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक ओढून काढलं आणि टेबलावर आणून आपटलं.

"हे हातानं लिव्हलेलं दिसतंय."

"हो. दुर्मीळ आहे," मी म्हणाले. खोटं बोलले, असं कुणाला म्हणता येणार नाही. जगात एकच प्रत होती.

पुढचे पंधरा दिवस मी काय खाल्लं, कधी झोपले, काही आठवत नाही. सोळाव्या दिवशी भागाबाईंनी पुस्तक परत आणलं. मी रजिस्टरात डोकं घालून, जसं काही सगळ्यांनाच विचारते तसं विचारलं, "कसं वाटलं?"

"आमा चाळीस जणींना लई आवाडलं."

"चाळीस? एका कार्डावर?"

"मी मोठ्यानं वाचिते, बाकीच्या ऐकत्यात. ऐकायला कार्ड लागतं का, बाई?"

कारखान्यात बायका ओळीने बसायच्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात गुंतलेले, कान रिकामे. भागाबाई वाचायच्या, आणि वाचणारीच्या विड्या बुडतात म्हणून बाकीच्या जणी आपापल्यातल्या थोड्या त्यांच्या सुपात टाकायच्या.

"लिहिनारा कोन हाये हा?" त्यांनी विचारलं.

"अज्ञात."

"असलं आडनाव आपल्याकडं नाय." भागाबाईंनी थोडा विचार केला. "पन ह्या मानसाला विडी वळता येती, बाई. मधली ती कारखान्याची पानं हायेत ना, त्यात कुटंच चुकला नाय तो. ती आमी तीनदा वाचली."

मी रजिस्टरातून डोकं वर काढलं नाही. आनंदाने डोळे भरून आले होते आणि ते भागाबाईंना दिसू द्यायचे नव्हते. एवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं झालं नाही.

मग खरं सांगायचं राहूनच गेलं. वर्षभर ४८१३ कपाटात टिकलं नाही. दिवाळीत नानांचा भाचा आला होता, पुण्याला कॉलेजात शिकवणारा. त्याने ते वाचलं आणि पुण्याला जाऊन बिवलकरांच्या कानावर घातलं. जानेवारीत बिवलकरांचं पत्र आलं: हा अज्ञात कोण, त्याला शोधून हस्तलिखितासह पाठवा. पत्र नानांनीच फोडलं, तेव्हा मला कबूल करावंच लागलं.

नाना पोट धरून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "लेखिका तू, हे मान्य. पुस्तक मात्र वाचनालयाचं. न्यायचं तर कार्डावर ने. आणि त्याला मागणी लागलीय, तेव्हा तीनच दिवस."

मागणी भागाबाईंची होती. कारखाना पुढच्या शनिवारी कायमचा बंद होणार होता. मालकाने नवी पद्धत काढली होती: पानं आणि तंबाखू बायकांनी घरी न्यायची, घरीच विड्या वळायच्या आणि आठवड्याला आणून द्यायच्या. चाळीस जणी आता चाळीस घरांत बसणार होत्या. त्याआधी, शेवटच्या आठवड्यात, त्यांना मधली पानं सगळ्यांनी मिळून पुन्हा एकदा ऐकायची होती.

चहा पिता पिता हे सगळं मी बिवलकरांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे चाळीस विडीवाल्या बायका थांबल्यात, म्हणून तुम्ही हे माझ्याकडे ठेवणार नाही? बाई, माझ्या जिन्यात लेखक मुक्काम ठोकायला तयार असतात."

"असतील. पण त्यांच्या पुस्तकांना परतीची तारीख नसेल."

बिवलकर हसले नाहीत, पण त्यांनी बाहेरच्या माणसाला हाक मारून आज कुणाला आत सोडू नको म्हणून सांगितलं. "मग बसा इथेच," मला म्हणाले. "आत्ताच वाचतो."

सकाळी साडेदहाला त्यांनी वाचायला घेतलं. एवढ्या वेगाने वाचणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. दुपारी वरच्या मजल्यावरून आमच्या दोघांसाठी पोळी आणि वांग्याची भाजी आली. जेवतानाही त्यांचा डावा हात पान उलटत होता. मला रिकामं बसवेना, म्हणून मी त्यांचं समोरचं कपाट लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावून टाकलं. मध्येच त्यांनी नाक वर केलं.

"तंबाखू खाता?"

"मी नाही. पुस्तकाला येतो वास."

साडेचारला त्यांनी पुस्तक मिटलं.

"खैरनारबाई," बिवलकर म्हणाले, "तुम्हाला लिहिता येतं. असं मी वर्षातून एखाद्यालाच म्हणतो. जूनच्या यादीत एक जागा मोकळी आहे. ती तुमची."

मी त्यांच्या मागच्या कपाटाकडे पाहिलं. ओळीने समया.

"फक्त एवढं काढायचं." त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या पुस्तकात खुपसल्या होत्या, एक दोनशे अकराव्या पानाशी आणि एक तीनशे अठ्ठाविसाव्या. मधलं सगळं त्यांनी चिमटीत धरून मला दाखवलं.

"कारखाना?"

"एकशे सतरा पानं. तोवर गोष्ट कशी धावत असते! तुमची नायिका कारखान्यात येते आणि कथानक पाय पसरून बसतं. बायका विड्या वळतात, बोलतात, हसतात. एकीचं दुसरीशी वाजतं, पुन्हा हसतात. घडत काहीच नाही. हे काढा, आणि तिला गावातून सरळ नाशिकला न्या. कुणाला पत्ताही लागणार नाही."

"वाचकांना नेमकी हीच पानं आवडतात," मी म्हणाले. माझा आवाज वाजवीपेक्षा जरा चढलाच.

"कशावरून?"

मी पुस्तक उभं केलं आणि पानांच्या कडा त्यांच्याकडे फिरवल्या. सुरुवातीची पानं पांढरी होती, शेवटची जराशी मळलेली, आणि मध्ये बोटभर जाडीचा तपकिरी पट्टा.

"हे काय सांडलंय?"

"सांडलेलं नाही. वाचलंय. तंबाखूचे हात आहेत ते."

बिवलकरांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. माणूस प्रामाणिक होता, म्हणून पुढचं बोलणं मी आजही विसरलेले नाही.

"हे मान्य. पण ह्या चाळीस जणी त्या कारखान्यात बसलेल्या आहेत. मला हजार प्रती खपवायच्यात, सावंतवाडीला, गोंदियाला, जिथे कुणी विडीचा कारखाना पाहिलेला नाही. तो वाचक दोनशे अकराव्या पानावर पुस्तक मिटेल."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर स्वतः छापा. छापखाने काय, गल्लोगल्ली आहेत. माझ्या एका मित्राने छापली. मुंजीत वाटली, बारशात वाटली, मुलीच्या लग्नात आहेर म्हणून दिली. उरलेली पलंगाखाली आहेत. पुस्तक छापणं सोपं असतं, बाई. ते दुसऱ्या गावाला पोचवायचं, हे अवघड. मी तेवढंच करतो, पण ते मला येतं." त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "बुधवारी मला पत्र हवं. हो किंवा नाही."

पुण्याहून एसटीत बसले तेव्हा मी रागावलेली होते. नारायणगावला राग उतरला. आणि संगमनेर येईपर्यंत, कबूल करते, मी ती एकशे सतरा पानं मनातल्या मनात काढूनही टाकली होती. चारशेच्या वर पानं उरतातच की. शिवाय समई. सावंतवाडी, गोंदिया. आपल्या गावाबाहेर जिला काळं कुत्रं ओळखत नाही, अशा बाईला आणखी काय हवं?

त्या पानांत माझी आई होती. ती त्याच कारखान्यात बावीस वर्षं बसली. माझं शिक्षण तिच्या विड्यांवर झालं, आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ती गेली. कादंबरीत तिचं नाव बदललं होतं, बाकी काही बदललं नव्हतं. आई गेलीच आहे, मग पानं गेली तर काय मोठंसं, असंही मी एसटीत मनाशी म्हणून पाहिलं. आज लाज वाटते, पण तेव्हा म्हटलं होतं.

सोमवारी दुपारी एकला मी कुलूप लावत होते तेवढ्यात भागाबाई आल्या.

"बुक आलं का?"

"आलं. घ्या."

"मंग तुमीच चला ते घिऊन. मला येक तास पन हात थांबवता यायचा नाय. शेवटचा हप्ता हाये, कुनाच्यानं दुसरीसाठी वळनं व्हायचं नाय. चारला तुमाला सोडते."

नाही म्हणायला कारण नव्हतं. आई गेल्यापासून चौदा वर्षांत मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आत शिरले तर तोच वास, त्याच ओळी आणि पानं कापणाऱ्या कात्र्यांची तीच कुरकुर. एका ओळीच्या टोकाला गोणपाट टाकून मला बसवलं. शेजारी धोंडाबाई होती, कारखान्यातली सगळ्यात म्हातारी. तिने माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि पुन्हा विडीकडे वळली.

"जरा आदीपासून घ्या," भागाबाई म्हणाल्या. "ती घर सोडती तिथून. म्हंजी कारखाना आला की बरं वाटतं."

मी वाचायला लागले. नायिका घर सोडते, दिराशी भांडते, ओढा ओलांडते. वाचता वाचता मनात आलं, की बिवलकरांचं म्हणणं इथेच तपासून बघावं. कुणाला पत्ताही लागणार नाही म्हणाले ना? दोनशे अकरावं पान आलं. मी एक मोठा श्वास घेतला, सगळा जाड तपकिरी गठ्ठा एका हाताने उलटला आणि तीनशे अठ्ठाविसाव्या पानावरून पुढे वाचायला घेतलं. आवाजात जराही फरक पडू दिला नाही.

दोन वाक्यं झाली असतील. सगळ्या कात्र्या थांबल्या.

"बाई, पानं चिकाटली का?" कुणीतरी विचारलं.

"नाही."

"मंग ती अजून कारखान्यात आली नाय. तुमी तिला डायरेक नाशकाला नेली!"

चाळीस जणी हसल्या. मीही हसले, आणि मग पुस्तक मांडीवर ठेवून सगळं सांगून टाकलं. पुण्याचे मोठे प्रकाशक आहेत, पुस्तक छापायला तयार आहेत, गावोगाव पोचवतील. पण ही पानं काढा म्हणतात.

"का बरं?"

"त्यात काही घडत नाही म्हणे."

"घडायला काय पायजे त्याला? खून?" भागाबाई कडाडल्या.

"त्याला म्हनावं, येक दिस इथं बस," पलीकडची म्हणाली. "वळ चार विड्या. मंग सांग घडतं का नाय ते."

पुन्हा हसू झालं. ते ओसरल्यावर भागाबाईंनी विडीच्या पानावरची नजर न काढता विचारलं, "आन लिहिनारा काय म्हन्तो, बाई? त्या अज्ञाताला इचारलं का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, पण खांदे हलत होते. माझ्या एकदम लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"पह्यल्या दिसापासून. माझ्या कार्डावर तुमीच लिव्हता ना दर येळी? तेच अक्षर."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी लाजून बुक मागं नेलं असतं. मंग आमी काय ऐकायचं?"

अकरा वर्षं गावाला पुस्तकं देणारी मी, या बायकांनी मला एका वर्षात गुंडाळून ठेवलं होतं.

"मला इचाराल तर छापू द्या त्याला," कोपऱ्यातली एक हळूच म्हणाली. "आपल्या बाईचं नाव व्हईल. आपल्यापायी तिचं अडायला नको."

"व्हय, तेबी खरं," दुसरी म्हणाली. "आपुन काय, आपल्याला पाठ हाये ते."

एकेक करून बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. भागाबाईंनीही नाखुशीने डोलावली. मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तर मी त्यासाठीच त्यांना सांगितलं होतं, त्यांनीच मला मोकळं करावं म्हणून. बुधवारचं पत्र मनात तयारही झालं: आपली सूचना मान्य आहे.

तेवढ्यात धोंडाबाई बोलली. तोपर्यंत तिने तोंड उघडलं नव्हतं आणि बोलतानाही तिचे हात थांबले नाहीत.

"छाप की मंदे. तुजं भलं व्हऊ दे. पन मला येक सांग. शनवारी हे बंद व्हतंय. आन तू ती पानं बी काढली, तर मंग आमी बसायचं कुटं?"

धोंडाबाईने विडीला दोऱ्याचे दोन वेढे दिले, दोरा तोडला, विडी सुपात टाकली आणि दुसरं पान घेतलं. माझ्या उत्तराची तिला काही घाई नव्हती.

बिवलकरांना मी मंगळवारच्या टपालाने 'नाही' असं कळवून टाकलं. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं: 'चूक करता आहात. पहिली प्रत मला पाठवा.' 'सुपातल्या' नाशिकच्या एका लहानशा छापखान्यात छापली, सगळी, आणि प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव घातलं. खपाबद्दल बिवलकर बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला. ती गोंदियाला कधी पोचली नाही. पुढची दोन पुस्तकं मी त्यांनाच दिली आणि समईच्या वर माझं नावही आलं. पण ते सगळं पुढचं.

त्या दुपारी मी फक्त पुस्तक मागे उलटलं, दोनशे अकरावं पान काढलं आणि वाचायला लागले. कात्र्या सुरू झाल्या. नायिका कारखान्याच्या दारात येते, आत चाळीस बायका असतात, आणि मुकादम ओळीतल्या एका बाईला म्हणतो, "ऊठ, नवी आलीय, तिला तुझी जागा दे." ती बाई म्हणजे माझी आई. पुढचं वाक्य तिचं होतं. मी ते लिहिलं होतं, दहादा वाचलं होतं, आणि तरी त्या शेडमध्ये माझ्या तोंडून ते बाहेर पडेना. मी नुसतीच पानाकडे बघत राहिले.

"जोवर सूप मांडीवर हाये," शेजारून धोंडाबाई म्हणाली, "तोवर मी कुनाच्या बापासाठी उठायची नाय."

तिने ते पुस्तकातून पाठ केलेलं नव्हतं. माझी आई ते बोलली तेव्हा ती तिच्या शेजारी बसलेली होती. आवाज चढवायची जागा, 'बापा'वरचा ठसका, सगळं आईचं होतं. शेडभर हसू उसळलं. मी डोळे पुसले आणि पुढचं वाक्य वाचलं.